एका ढब्बू पैशाची फी

जगात हेवा करण्यासारखी माणसं पुष्कळ असतील. कुणाचा बंगला असतो, कुणाची मोटार असते, कुणाला नुसता गळा चांगला असतो. पण सकाळी दात घासायला लागल्यापासून रात्री अंथरूण घालेपर्यंत ज्याचा मनापासून, पोटभर आणि कधीही कंटाळा न येता हेवा करता येईल असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब बघा, तो माझा साडू निघाला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. परका असता तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. साडूचं पाहावंच लागतं. सणाला पाहावं लागतं, बारशाला पाहावं लागतं, आणि चारकोपला आम्हा दोघांना एकाच सोसायटीत प्लॉट लागल्यावर तर गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं तरी समोर तेच तोंड. सोडतीत त्यांना लागला कोपऱ्यावरचा प्लॉट, दोन्ही अंगांनी वारा. मला लागला गटारालगतचा. मी म्हटलं, "अण्णा, तुमचं नशीब जोरावर आहे." तर म्हणतात कसे, "कोपऱ्याच्या घराला भिंत जास्त बांधावी लागते, भाऊ. अर्थसंकल्पावरचा परिणाम बघा." बांधली त्यांनी ती जास्तीची भिंत, तिच्यावर जाईचा वेल चढवला, आणि संध्याकाळी त्या जाईचा वास बरोब्बर माझ्या घरात यायचा. गटाराचा वास त्यांच्याकडे कधी गेला नाही.

त्यांना बजेट हा शब्द खपत नसे. "बजेट वाण्याच्या बिलाचं असतं. सरकारचा असतो तो अर्थसंकल्प," असं ते बजावून सांगायचे. उपनगरातल्या एका कोर्टात, अर्ज स्वीकारायच्या खिडकीमागे बसून त्यांनी उभी नोकरी काढली. लोकांनी अर्ज आत सरकवायचे, यांनी त्यावरची कोर्ट फीची तिकिटं तपासायची आणि तिकीट पुन्हा कुणी वापरू नये म्हणून त्याला पंचाने भोक पाडायचं. काम एवढंच. पण बोलण्यावरून वाटायचं की राज्याची तिजोरी ह्याच खिडकीत ठेवलेली होती. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर मी घामाने निथळत, मुंडावळ्या सावरत उभा, लोक येऊन अभिनंदन करतायत, आणि हे माझा हात हातात घेऊन गंभीर चेहऱ्याने विचारतायत, "अभिनंदन. आता अर्थसंकल्पावर परिणाम काय?" मुलगी झाली तेव्हा प्रसूतिगृहाच्या जिन्यात पुन्हा तेच. पुढे मिलचा संप लांबला, माझी नोकरी गेली आणि मी परळच्या खोलीत तोंड पाडून बसलो, तेव्हा मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. दर शनिवारी संध्याकाळी यायचे. हातातली पिशवी कोपऱ्यात ठेवायचे, तिच्यात तांदूळ, डाळ आणि सुके बांगडे असायचे. मग छताकडे बघून म्हणायचे, "तुमच्या पंख्याला आवाज फार येतो," आणि चहासुद्धा न घेता जायचे. मला ह्याचाही हेवा वाटायचा. मी कुणाला काही दिलं की चार लोकांना सांगितल्याशिवाय मला झोप येत नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्यांनी शाल आणि नारळ दिला. ह्यांनी वर आणखी एक मोडीत काढलेला पंच मागून घेतला. तो कायम शर्टाच्या खिशात. बसमधून उतरले की तिकिटाला भोक. विजेचं बिल भरलं की बिलाला भोक. महिना संपला की कॅलेंडरच्या पानाला भोक, म्हणजे तो महिना परत कुणी वापरायला नको. आमच्याच सोसायटीतल्या रिक्षावाल्या सावंताने बहिणीच्या लग्नाला सगळ्यांना बोलावलं होतं. जेवण झाल्यावर आमचे साडू मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले, खिशातून पत्रिका काढली, पंच काढला आणि सावंताच्या देखत पत्रिकेला टचकन भोक पाडलं. "हजेरी झाली. आता ह्या पत्रिकेवर दुसरा कुणी जेवून जायला नको." मी डोळे मिटून घेतले. म्हटलं आता सावंत ह्यांची गचांडी धरणार. तर तो मेला पोट धरून हसला, आणि घरी न्यायला लाडवांचा पुडा दिला. हेच मी केलं असतं तर मला मांडवातून उचलून बाहेर टाकला असता.

ह्या अर्थसंकल्पाच्या वेडामागे एक दुखणं होतं. खिडकीत बसून बसून त्यांच्या लक्षात आलं होतं की कोर्टाच्या काही फिया आजोबा-पणजोबांच्या काळातल्या आहेत. कुठली तरी दोन-चार आण्यांची फी, कशासाठी बसवली होती ते वरच्यांनाही ठाऊक नाही. तिचं तिकीट छापा, विका, चिकटवा, भोक पाडा, फायलीला लावा, ह्यात जेवढा खर्च होतो तेवढं उत्पन्न तरी येतं का? उठवून टाका ती, असं ते साहेबांना लिहून द्यायचे. आणि वरून दर वेळी एकच शेरा यायचा, अर्थसंकल्पावरील परिणाम कळवावा. हे कळवायचे. मग साहेब बदलायचा, कागद गहाळ व्हायचा, नवा साहेब विचारायचा, अर्थसंकल्पावरील परिणाम कळवावा. निवृत्त झाल्यावर एका सकाळी पेपरात कुठेशी बातमी आली की कोर्टातल्या काही जुनाट फिया सरकार रद्द करतंय. आमच्या साडूंनी सोसायटीत पेढे वाटले. शेजारच्या परबीणबाई पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "नातू झालो?" हे म्हणाले, "फी गेली." परबीणबाईंना वाटलं कुणीतरी वारलं. त्यांनी पेढा गिळला आणि "अरे देवा" म्हणून अक्कांच्या गळ्यात पडल्या. अक्का म्हणजे माझी मेव्हणी, साडूंच्या सौभाग्यवती. त्या माउलीने आयुष्यभर हे सगळं हसत काढलं.

बरं, दिसायला तरी काही कमी असावं? साठी उलटली तरी डोक्यावर काळेभोर दाट केस, आणि माझं कपाळ पन्नाशीच्या आत मानेला जाऊन भिडलेलं. गोराईहून होडीने मासळी घेऊन येणाऱ्या बायका मला बघितलं की टोपली झाकायच्या आणि ह्यांना "ये रे दादा" करून बोलवायच्या. आमच्या सासूबाई होत्या तोपर्यंत सोलकढीची पहिली वाटी ह्यांची. त्या गेल्या तर तो वसा आमच्या हिने घेतला. सुरमईची मधली तुकडी भावोजींना, शेपटीकडची मला. मी एकदा बोललो. तर ही म्हणते, "ते काटे नीट काढून खातात. तुम्ही अर्धा मासा पानातच ठेवता." आता माणसाने काय करावं?

तर असा हा जन्मभर 'फी उठवा' म्हणून ओरडलेला माणूस, आणि त्याने सोसायटीत काय करावं? फी बसवली! झालं असं, की नवी वसाहत, नवे शेजारी, मधे एक सामाईक चौक आणि त्यात एक सामाईक नळ, म्हणजे भांडणांना तोटा नाही. तुमच्या कपड्यांचं पाणी आमच्या पापडांवर, आमच्या बोंबलांचा वास तुमच्या देवघरात. आणि साडू पडले कोर्टातले. कोर्टात खिडकीमागे होते की खुर्चीवर, हे कोण विचारतंय? लोक उठसूट त्यांच्या दारात. आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं आणि मग जाहीर केलं, "फुकटची तक्रार ऐकणार नाही. फी भरा. एक ढब्बू पैसा." ढब्बू पैसा म्हणजे आमच्या लहानपणीचा तो जाडजूड तांब्याचा पैसा. चलनातून जाऊन जमाना झाला होता. सावंत म्हणाला, "अण्णा, रुपया घ्या ना यार." तर म्हणाले, "मी लाच खातो काय?"

आता ढब्बू पैसा आणायचा कुठून? सबंध सोसायटीत एकच होता. तो ह्यांच्याच आईच्या देव्हाऱ्यातला. म्हणून पहिली तक्रार फी उधार ठेवून ऐकली. तीत परबीणबाई हरल्या आणि रडवेल्या झाल्या, तेव्हा ह्यांनी तो देव्हाऱ्यातून उचलून त्यांच्या हातावर ठेवला. म्हणाले, "जिंकणारा खुशीत घरी जातो. हरलेल्याच्या हातात काहीतरी पाहिजे." आणि तिथून नियमच पडला. जो हरेल त्याच्याकडे पैसा. पुढे ज्याला तक्रार करायची असेल त्याने त्या हरलेल्याच्या घरी जाऊन पैसा मागून आणायचा आणि तो फी म्हणून भरायचा. निकाल लागला की पैसा नव्या हरलेल्याच्या घरी.

आणि भांडणारी माणसं तीच तीच असायची, त्यामुळे व्हायचं काय, की ज्याच्यावर तक्रार घालायची नेमका त्याच्याच घरी पैसा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. परबीणबाई तावातावाने सावंताच्या दारात.

"रे सावंता, तो पैसो तुझ्याकडे आसा मा? माका होयो."

"कित्याक गे काकी?"

"तुझ्यारच तक्रार घालूची आसा. तुझी रिक्षा माझ्या तुळशीक घासता."

"मगे बस वायच. पैसो हुडकूक होयो. चाय घेतंस?"

"साखर कमी घाल."

पैसा सापडेपर्यंत चहा व्हायचा. चहाबरोबर सुनेला दिवस गेल्याची बातमी सांगून व्हायची. सावंताची बायको गावाहून आलेले फणसाचे गरे पुढे करायची, तेवढ्यात सावंत गुपचूप बाहेर जाऊन रिक्षा चार हात सरकवून यायचा, आणि परबीणबाई पैसा न घेताच घरी. निम्म्या तक्रारी साडूंच्या दारापर्यंत पोहोचायच्याच नाहीत. ज्या पोहोचायच्या त्या जाईच्या वेलाखाली चालायच्या. खाली पट्ट्यापट्ट्याची हाफ पँट आणि वर इस्त्रीचा शर्ट असा पोशाख करून हे खुर्चीवर बसायचे. दोन्ही बाजू ऐकायचे आणि निकाल असा द्यायचे की हरलेलासुद्धा हसत पैसा घेऊन जायचा.

हे सगळं चाललेलं असताना मी सोसायटीचा चेअरमन झालो. निवडून आलो, असं मी म्हणतो. दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं, असं आमची ही म्हणते. चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत मला तोवर स्टोअरकीपरची नोकरी लागली होती, अंगावर बरे कपडे आले होते, आणि वाटलं होतं की आता चार माणसं आपल्याही दारात येतील. दारावर पाटी लावली. 'चेअरमन. भेटण्याची वेळ: केव्हाही.' दोन खुर्च्या आणल्या. कुणी कुत्रं फिरकलं नाही. मी फुकट ऐकायला तयार बसलोय, कायद्याने माझा अधिकार आहे, आणि लोक माझ्या दारावरून, माझ्या पाटीवरून, नसलेलं नाणं शोधत त्या कोपऱ्यावर जातायत! वर साडू मला 'भाऊ' सोडून 'चेअरमन' म्हणायला लागले. ते कौतुकाने म्हणत असतील, पण माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. आणि एका रविवारी कहर झाला. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, भावोजींकडे आज गर्दी आहे. आपल्या दोन खुर्च्या नेऊन द्या ना. नाहीतरी रिकाम्याच आहेत." मी नेल्या. स्वतःच्या डोक्यावरून नेल्या. त्या दिवशी ठरवलं, ही फी बंद करायची.

वार्षिक सभा चौकात भरली. मी उभा राहिलो आणि अगदी पाठ करून आणलेलं भाषण केलं. सरकारसुद्धा जुनाट फिया रद्द करत असताना आपल्या सोसायटीत चलनातून गेलेल्या नाण्यात फी घेतली जाते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. यापुढे तक्रार फुकट ऐकली जाईल आणि चेअरमनच्या दारात ऐकली जाईल. सगळ्यांची तोंडं साडूंकडे. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल, एकदा तरी चिडेल. त्यांनी हात वर केला आणि उठले.

"मी जन्मभर हेच सांगत आलो. कालबाह्य फी उठवलीच पाहिजे. चेअरमनसाहेबांच्या ठरावाला माझं अनुमोदन. फक्त अर्थसंकल्पावरील परिणाम लिहून घ्या."

खजिनदार म्हणाले, "परिणाम कसला, अण्णा? सोसायटीला त्यातून दमडी मिळत नव्हती."

"मग लिहा, शून्य."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणता! ठराव माझा आणि टाळ्या त्यांना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शेवटच्या हरलेल्याकडून पैसा घेऊन माझ्या स्टोअरमध्ये आले. "चेअरमन, ह्याला मधोमध भोक पाडून द्या. माझा पंच तांब्याला चालत नाही." मी म्हटलं, "राहू दे ना अण्णा, आईच्या देव्हाऱ्यातला आहे." तर म्हणाले, "रद्द झालेलं फिरता कामा नये. नियम म्हणजे नियम." मशीनवरच्या माणसाला सांगून मी भोक पाडून घेतलं. त्यांनी फुंकर मारून तांब्याचा कीस उडवला आणि पैसा रुमालात बांधला. पुढच्याच आठवड्यात परबीणबाईंना नातू झाला. बारशाला साडूंनी तो भोकाचा पैसा दिला आणि परबीणबाईंनी तो काळ्या करगोट्यात ओवून पोराच्या कमरेला बांधला. आमच्या कोकणात भोकाचा पैसा पोरांच्या कमरेला असतोच. इतकी झकास सोय ह्या माणसाशिवाय कुणाला सुचली असती?

आणि मग माझ्या दारात गर्दी झाली. पहिले आठ दिवस मी स्वर्गात होतो. खुर्च्या भरल्या, ही चहा करून दमली, मी प्रत्येकाला "शांतपणे सांगा" म्हणत होतो. पण फुकट म्हटल्यावर माणसं कशाकशाची तक्रार घेऊन येतात हो! नळाला पाणी कमी, ह्याची तक्रार. पाणी जास्त आलं, बादली वाहून गेली, ह्याची तक्रार. एकाने तर शेजारी खोकतो कसा ते मला खोकून दाखवलं. आंघोळीच्या वेळी तक्रार, जेवणाच्या वेळी तक्रार, मी कामावर गेलो की इस्टेटीच्या गेटवर तक्रार. कुणाला कुणाच्या घरी जायची गरजच उरली नव्हती, त्यामुळे राग जसाच्या तसा, ताजा, वाफाळलेला माझ्या दारात. मी न्याय द्यायचो, आणि दोघेही माझ्यावर डाफरून जायचे. परबीणबाईंची तुळस आणि सावंताची रिक्षा हे प्रकरण मी कायद्याने सोडवलं, फूटपट्टीने मोजून. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, आणि दोघांनी मिळून माझ्याशी. वाट लागली माझी.

आणि साडू? हेव्याला नवीन माल! त्यांच्या दारात आता चिटपाखरू नाही. दुपारी जाईखाली पेपर तोंडावर घेऊन घोरतायत. रविवारी मार्व्यावरून होडीने मनोरीला जातायत, पाण्यात गळ टाकून बसतायत, संध्याकाळी चार पालू मासे घेऊन परत येतायत, आणि मी माझ्या दारात घामाघूम होऊन कुणाच्या तरी खोकल्याची फिर्याद ऐकतोय. आधी गर्दीसाठी हेवा केला होता, आता शांततेसाठी करायला लागलो. शेवटी एकदा लाज सोडून गेलो. म्हटलं, "अण्णा, फी पुन्हा बसवू या." त्यांनी गळाची दोरी सोडवता सोडवता विचारलं, "नाणं?" दोघांनीही चौकाकडे पाहिलं. परबांचा नातू उघडाबंब, आजीच्या मांडीवर, आणि फी त्याच्या कमरेला लोंबतेय. मी परत आलो.

अशी वर्षभर कुतरओढ झाली, आणि एका रविवारी दुपारी आमच्याकडे जेवता जेवता ते म्हणाले, "आम्ही गावाला जायचं ठरवलंय. कायमचं." वेंगुर्ल्याकडे त्यांचं घर होतं, तिथे थोरले भाऊ एकटे पडले होते, आता त्यांचं त्यांना होत नव्हतं. हिच्या हातातला सुरमईचा डाव तसाच राहिला. वर तो परळपासून आणलेला आमचा पंखा खडखडत होता. मी चेअरमनसारखं बोललो, "मग सोसायटीचं काय?" हे शांतपणे काटा बाजूला काढत म्हणाले, "घरात भाडेकरू येईल. मेंटेनन्स वेळच्या वेळी भरेल. अर्थसंकल्पावर परिणाम शून्य."

शून्य! मला असा राग आला म्हणता, की पान सोडून उठावंसं वाटलं. हा माणूस उठून जाणार, समोरचं तोंड जाणार, ती जाई जाणार, सणाला मी कुणावर जळायचं ते जाणार, आणि परिणाम म्हणे शून्य! कुणाला विचारून ठरवलं? मी साडू नाही का ह्यांचा? रात्रंदिवस मनात भाषण तयार करत होतो. ते जायच्या सकाळपर्यंत भाषण पक्कं झालं होतं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत सगळ्या सोसायटीने ह्यांच्याकडे तक्रार नेली, मी एकट्याने कधी नेली नाही.

सावंताची रिक्षा कोपऱ्यावर येऊन उभी होती. बोरिवलीहून एसटी पकडायची होती. मी तरातरा परबीणबाईंच्या दारात गेलो. वर्षभर त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

"काकी, तो पैसा द्या. तक्रार घालायचीय."

"कोणार?"

"अण्णांवर."

त्या हसायला गेल्या आणि हसल्याच नाहीत. पदराने नाक पुसलं. "पैसो झिलाच्या कमराक आसा. सोडूचंय नाय मी, अपशकून होता. असोच घेऊन जा." आणि त्यांनी ते पोरगं, नुसतं झबलं घातलेलं, माझ्या कडेवर दिलं.

सोसायटीचा चेअरमन चौकातून असा गेला. सगळे बघत होते. साडू इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे, अक्का कुलूप ओढून बघतायत, आमची ही डोळे पुसतेय. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, तक्रार आहे."

"कोणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध."

"फी?"

मी पोराचं झबलं वर केलं. साडूंनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, वाकले, पैसा दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला.

"भोक पडलंय, भाऊ. रद्द आहे. चालायचं नाही."

सगळी सोसायटी खो खो हसली. सावंत हसला, परबीणबाई हसल्या, त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा. मीही हसलो. साडू हसले नाहीत. कितीतरी दिवसांनी त्यांनी मला भाऊ म्हटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बोला. आज बिनफीचं ऐकतो."

एवढं भाषण पाठ होतं, त्यातला एक शब्द आठवेना. राग होता तो चौक ओलांडतानाच कुठेतरी उतरला होता, आणि उरलं होतं ते तक्रारीत घालण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात परबांच्या नातवाने माझा धुतलेला शर्ट भिजवला. अक्का "अगोबाई" म्हणून पुढे झाल्या, ही फडकं आणायला धावली, आणि मी ओल्या शर्टाने साडूंच्या तोंडाकडे बघत उभा.

"काही नाही," मी म्हटलं. "आमच्या पंख्याला आवाज फार येतो."

त्यांनी हातातला चष्मा खिशात ठेवला. मग मान हलवली. "तेल घाला," म्हणाले, आणि रिक्षात बसले.

आता त्या कोपऱ्यावरच्या घरात भाडेकरू आहे. मेंटेनन्स खरंच वेळच्या वेळी भरतो, जाईला पाणी घालत नाही. गावाहून आलेली माणसं सांगतात की अण्णांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, संध्याकाळी गर्दी असते, आणि तिथे त्यांनी फी म्हणून आणखी काहीतरी भलतंच सुरू केलंय, जे सबंध वाडीत एकाच घरी मिळतं. मी नीट विचारलं नाही. त्या वाडीतली भांडखोर माणसं डोळ्यांसमोर येतात, अण्णांच्या खळ्याकडे तावातावाने निघालेली, आणि त्यांचा मला इतका हेवा वाटतो की सांगता सोय नाही. ही सारखी मागे लागते, अहो, तेवढं तेल घाला, झोप येत नाही त्या खडखडाटाने. पंख्याला मी अजून तेल घातलेलं नाही.